दोष नळीचा

पद्माकरने पुंगोलच्या फ्लॅटमध्ये बनवलेली बिअर मित्रांनी पहिल्यांदा चाखली, तेव्हा सगळे एका घोटावरच थांबले. इंजिनिअरच तो, त्याने दोष लगेच शोधून काढला. फ्रिजमधल्या पिंपातली गार बिअर बाहेरच्या नळापर्यंत येताना सिंगापूरच्या उकाड्यात कोमट होत होती. म्हणजे दोष नळीचा!

महिनाभर खपून त्याने स्टीलच्या नळीचं वेटोळं केलं, ते बर्फाच्या पेटीत बसवलं आणि मित्रांना पुन्हा बोलावलं. या वेळी ग्लासावर ग्लास रिकामे झाले. "काय गार आहे रे!" जो तो म्हणत होता. पद्माकरचे पाय जमिनीवर नव्हतेच.

दुपार कलली, पेटीतला बर्फ वितळला आणि सगळ्यांना एकदमच घरची कामं आठवली. शेवटचे ग्लास तसेच भरलेले राहिले.

"बघितलंस? बर्फानं घात केला," तो बायकोला म्हणाला.

मेधाने त्यातलाच एक ग्लास त्याच्यापुढे सरकवला. "घे, आता तू पी."

पद्माकरने एक घोट घेतला आणि कसाबसा गिळला.

"पुढच्या वेळी बर्फ दुप्पट आणू," तो हळूच म्हणाला. "चव कुणालाच लागता कामा नये."