बिनसाखरेच्या चहाचे मार्क

डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांची, अण्णांची, साखर बंद केली आणि घरातली स्वयंघोषित तज्ज्ञ म्हणून मी कामाला लागले. शुगर-फ्री गोळ्यांनी त्यांचं पोट फुगायला लागलं. मग मोबाइलवर साइड इफेक्ट वाचून वाचून मी आधी स्टीव्हियाचे थेंब आणले, नंतर कसलीशी महागडी पांढरी पूड. रोज चहा देऊन समोर बसायचे आणि विचारायचे, "अण्णा, आजचा किती मार्कांचा?"

अण्णा घोट घ्यायचे, विचार करायचे. "दहापैकी सहा. मागाहून जरा कडवट लागतो गं."

हे मार्क मी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचे. त्यावरून चार घरांनी गोळ्या बदलल्या आणि मी भरपूर मिरवून घेतलं.

परवा तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, तोंडाला चव आहे ना?"

"छे! कोविडमध्ये गेली, ती परत आलीच नाही."

मी तिथेच ओरडले, "अहो अण्णा, मग इतके दिवस मार्क कसले देत होतात?"



अण्णा ओशाळून म्हणाले, "पैकीच्या पैकी दिले असते, तर दुसऱ्या दिवसापासून तू चहा ठेवून निघून गेली असतीस ना."