तळगावची नवी वाडी

छप्पन्न साली मालवणला समुद्राची खोली मोजायला आलेल्या गुरुदासला होडीवाला आबा पाण्याखालचा तळगाव दाखवत होता. बुडालेला माणूस तिथे राहायला जातो आणि त्याच्या नावाने वाडी वसते, असं तिथले मच्छीमार मानत.

“ही भिकाजीवाडी. ती नर्मदावाडी.”

पुढचं पाणी काळं, संथ होतं. गुरुदासने शिसं बांधलेला दोर खाली सोडला. “आणि ही?”

“वाडी तयार आसा. मानूस अजून येवक नाय. हय कोणाचा नाव घेव नकात.”

गुरुदास हसला. “नकाशाला नाव लागतं, आबा. गुरुदासवाडी लिहितो.”

आबाने घाईने होडी वळवली. “तो दोर सोडा, सायबानू!”

“अहो, सरकारी दोर आहे!”

मोजणी चुकू नये म्हणून गुरुदासने तो मनगटाला गुंडाळला होता. खालून कुणीतरी तो हळूच ओढून पाहिला.