शेजारच्या मृदुलाचा घसा

नारायणगुड्यातल्या नव्या नर्सिंग होममध्ये फॉरेनच्या मशिनी आल्या होत्या, आणि तिथल्या डॉक्टरांनी चार वर्षांच्या सुमेधचे टॉन्सिल्स काढायलाच सांगितले होते. "एवढे मोठे डॉक्टर, तू काय त्यांच्याहून शहाणी?" असं सासूबाईंनी दहादा ऐकवलं, तरी शैलजाच्या मनाला पटेना. ऑपरेशनच्या सकाळी तिनं शेजारच्या सहा वर्षांच्या मृदुलालाही सोबत नेलं.

"डॉक्टरसाब, हिचाही घसा बघता का जरा?"

डॉक्टरांनी बॅटरी मारल्यासारखं केलं. "हिचेही फुगलेत की अम्मा. दोघांचं एकदमच करून टाकू."

शैलजानं सुमेधला कडेवर उचललं.

"अरे, चालल्या कुठं? डरलात की काय?"

"इतके दिवस डरत होते, डॉक्टरसाब. हिचे टॉन्सिल्स गेल्याच वर्षी काढलेत."