आठवणींची वाटणी

कुटुंब न्यायालयातल्या बाकावर मृण्मयीने विचारलं, "हेमंत, कुणाचंही बाळ रडलं की माझे हात आपोआप पुढे होतात. असं का रे?"

हेमंतला कारण माहीत होतं. त्यांची लेक तापाने गेली, तेव्हा त्याने खापर मृण्मयीवर फोडलं होतं. विभक्त होतानाच्या करारात लेकीच्या साऱ्या आठवणी रागाने स्वतःकडे घेतल्या आणि डॉक्टरांनी त्या मृण्मयीच्या मनातून काढून टाकल्या. आज घटस्फोट झाला की त्या परत देता येणार नव्हत्या.

"आपल्याला मुलगी होती. ती गेली, त्यात तुझी चूक नव्हती," तो कसाबसा म्हणाला. "करार बदलू या, तिच्या आठवणी तुला परत मिळतील. पण फार रडशील."

ती बाकावरून उठली.

"चल, बदलू. तिचं नाव मात्र सांगू नकोस. माझं मला आठवू दे."