खिशावरचं नाव

“नाव काढून टाका, भाऊ,” प्रशिक म्हणाला. “नुसतं कंपनीचं राहू द्या.”

सुमंतने हातातला शर्ट काउंटरवर आपटला. नागपूरच्या गांधीबागेतल्या या दुकानात तो तासभर डोकेफोड करत होता. कापड निवडून झालं होतं, कॉलर ठरली होती, पाठीवर ‘गारवा कूलर सर्व्हिस’ केवढ्या अक्षरात यायचं यावरून दुकानदार देवरावांशी दोनदा खटका उडाला होता. आता फक्त बारा जणांची नावं लिहून द्यायची होती आणि ऐन वेळी याचं हे.

“का काढायचं?”

“असंच.”

“असंच म्हणजे? नमुन्याचे शर्ट दोन आठवडे तुला आणि हर्षितला घालायला दिले, ते काय असंच?”

खिशावर नाव ही सुमंतची स्वतःची कल्पना होती. दार उघडणाऱ्याला समोर कोण उभं आहे ते कळावं, ‘ए कूलरवाले’ अशी हाक मारायची सोय राहू नये. पाच वर्षांपूर्वी एकट्याने सुरू केलेल्या धंद्यात आज बारा माणसं होती. यंदा कामाचा रेटा असा की घरच्या कूलरकडे बघायलाही त्याला जमलं नव्हतं. ऑफिसातल्या उन्नतीने कोणाला तरी पाठवून ते उरकलं होतं.

आईने मात्र सकाळी पन्ह्याचा मोठा थर्मास भरून हातात दिला होता. पोरं उन्हात फिरतात, सगळ्यांना दे म्हणाली होती. सुमंतने झाकणात पन्हं ओतून प्रशिकपुढे धरलं.

“घे. डोकं थंड कर आणि नीट सांग.”

“नको भाऊ. दात दुखून राहिला.”

बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं. ते पन्हं देवरावांनी घेतलं.

प्रशिक शर्टाची घडी उलगडत आणि घालत राहिला. मग खाली बघूनच बोलला.

“मंगळवारी एका घरी गेलो होतो. मागच्या साली बी तिथं गेलो होतो, तवा आंगात साधा शर्ट होता. बाईनं चहा देल्ला, पोहे देल्ले. पुढच्या साली बी तूच ये म्हणे. यंदा तिनं दार उघडलं, चष्मा लावला अन् खिशावरचं वाचलं. प्रशिक गजभिये. मंग म्हणे, बाहेरच थांब. आतून ऑफिसात फोन लावला. दुसऱ्याले पाठवा म्हणे, आमच्या कूलरचं पाणी सैपाकघरातून भरा लागते.”

देवरावांनी झाकण खाली ठेवलं.

“आणि तू हे मला आज सांगतोस?” सुमंतचा आवाज चढला. संतापाने त्याचे कान तापले होते. असल्या माणसांची त्याला मनापासून चीड होती. “मग काय झालं?”

“काय होते? अर्धा घंटा उन्हात उभा राहिलो. दुसरा आला, त्याले पंप देल्ला अन् निघून गेलो.”

“आणि म्हणून आपण नाव काढायचं? तिच्यासाठी?”

“तिच्यासाठी नाही, माह्यासाठी.” प्रशिकने पहिल्यांदाच वर बघितलं. “मले नाव लपवाचं नाही, भाऊ. माह्या आजोबानं छप्पन साली दीक्षा घेतली, ते काय लपवाले घेतली का? पण मी रोज दहा दारं वाजवतो. दहाही दारांत उभं राहून माह्या नावाचा निकाल आयकाचा, हे माह्यानं होत नाही. राग येते मले. पान्हा हातात असते अन् राग येते. नाव ठेवाचंच असन तर मी हिंगण्याले कंपनीत वापस जातो.”

प्रशिकसारखा कारागीर सुमंतकडे दुसरा नव्हता. पण त्या क्षणी त्याला कारागीर दिसत नव्हता, ती बाई दिसत होती.

“तू कुठेही जाणार नाहीस आणि नावही जाणार नाही. घर सांग.”

“राहू द्या. जुनं गिऱ्हाईक आहे.”

“असेना का. आत्ताच्या आत्ता यादीतून कापतो. आपला एकही माणूस परत त्या दारात पाय ठेवणार नाही. मीसुद्धा नाही.”

“कोणी बी असो?”

“कोणीही असो. नाव सांग.”

प्रशिकने शर्टाची घडी पुन्हा उलगडली. दुकानाच्या मागच्या भागात भरतकामाचं मशीन खडखडत होतं. देवराव म्हणाले, “सुमंतभाऊ, जाऊ द्या ना. शर्टाचं बोला.”

“शर्टाचंच बोलतोय.” सुमंतचा तोल गेला. “सांगत का नाहीस? की असं काही झालंच नाही? काम बिघडवलंस, बाईने हाकललं आणि आता जातीवर ढकलून राहिलास?”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते लागलं. पण शब्द परत घेण्याइतका त्याचा राग उतरला नव्हता.

प्रशिकने शर्ट बाजूला ठेवला. पाकिटातून मंगळवारची कामाची चिठ्ठी काढली. “तुमचा फोन द्या.”

सुमंतने लॉक उघडून फोन त्याच्या हातात दिला. “लाव. स्पीकरवर लाव. देवरावांनाही ऐकू दे.”

चिठ्ठीत बघून प्रशिकने एकेक आकडा दाबला. रिंग वाजायला लागली तसा त्याने फोन पालथा करून शर्टांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला.

सुमंतने घसा खाकरला. पहिलं वाक्य त्याने मनात तयार ठेवलं होतं. तिकडे फोन उचलला गेला.

“हॅलो. मी गारवा कूलर सर्व्हिसचा मालक बोलतोय. मंगळवारी आमच्या माणसाला तुम्ही दाराबाहेर—”

“अरे, बोल ना सुमंता. पन्हं पुरलं का रे सगळ्यांना?”