नोटिशीचं फ्रेंच

आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या गावातल्या कागद कारखान्याची नोटीस टोरांटोच्या मुख्य कचेरीतून इंग्रजीत यायची आणि ओदिल ती घरी बसून फ्रेंचमध्ये करायची. बोर्डावर लागेपर्यंत मजकूर कुणालाही सांगणार नाही, असं तिनं लिहून दिलं होतं. इंग्रजीतली ती दोन-दोन शब्दांची क्रियापदं तिला नेहमीच छळायची. या वेळी ती 'क्लोज डाउन'पाशी अडली. शब्दकोशातला एकही शब्द कामगारांच्या तोंडचा वाटेना.

जेवताना तिनं वडिलांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, कारखाना चार दिवस बंद ठेवला तर तुम्ही लोक काय म्हणता?"

"सुट्टी म्हणतो. अजून काय!"

"आणि कायमचा बंद केला तर?"

एकतीस वर्षं तिथंच काढलेल्या गास्तोंनी वाटाण्याच्या सुपातला चमचा खाली ठेवला. "इंग्रजीत काय लिहिलंय?"

"मला सांगता येत नाही, बाबा."

"बरं, नको सांगूस. 'बंद केला' असंच लिही, पोरी. नटवू नकोस."

नोटीस शुक्रवारी लागायची होती. बुधवारीच गास्तों कामावरून आले ते लॉकरमधला मग, जुने बूट आणि ओदिलचा शाळेतला फोटो घेऊन. आईनं विचारलं, तर ओदिलकडे न बघता म्हणाले, "धुवायला आणलंय."