उघडी रेघ

“चित्र बिघडलं, तर संध्याकाळच्या गाडीने कानाझावाला घरी यायचं. ठरलं ना?” आईने विचारलं. काझुएने मान डोलावली. संगणकावरच्या खेळातल्या राजकन्येचा किमोनो पडद्यावर रेघांनी काढून झाला होता. आता लाल रंग सोडायचा होता. रेघेत ठिपक्याएवढी फट राहिली, तरी रंग फुटून सगळं चित्र गिळणार होता; आठ रंगांच्या त्या संगणकावर केलेलं मागे घेता येत नसे. रेशीम रंगवताना आईही याच धास्तीने रंग अडवणारी खळीची रेघ ओढायची. आता ते काम तिला एकटीला झेपत नव्हतं. काझुएने बटणावर बोट ठेवलं. मागे आईच्या हातातली दोन तिकिटं चुरगळली. “थांब, बयो,” आई म्हणाली. “डाव्या बाहीखाली रेघ उघडी आहे. हेच शिकवलं होतं मी?” काझुएने फट बुजवली. “आता भर लाल.” आईने तिकिटं सरळ केली. “यातलं एक परत करायचंय.”